तोंडी परीक्षा परगावी असेल तर: कधी पोचायचं, कुठे उतरायचं, आदली रात्र कशी काढायची

एका डॉक्टर उमेदवाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वैद्यकीय स्पेशालिटीची शेवटची तोंडी आणि क्लिनिकल (पेशंट तपासून द्यायची) परीक्षा अनोळखी शहरात आली आहे. विमानाने जायचंय, मध्ये एकदा विमान बदलायचंय. रिपोर्टिंग सकाळी साडेसातला. आदल्या दिवशीची ड्यूटी संपवून संध्याकाळी निघालं तर चालेल का? केंद्राजवळचं महागडं हॉटेल घ्यावं की शहराच्या दुसऱ्या टोकाला मावशी राहते तिच्याकडे उतरावं? आणि आई सोबत येते म्हणते, तिला न्यावं का?

आधी सरळ उत्तरं देते. आदल्या संध्याकाळी निघू नका. परीक्षेआधी दोन रात्री त्या शहरात झोपायला मिळतील अशा बेताने पोचा. हॉटेल घ्या, केंद्रापर्यंत चालत जाता येईल असं. मावशीकडे परीक्षा झाल्यावर जा. आईला न्यायला हरकत नाही, पण खोली वेगळी घ्या. कारणं सविस्तर सांगते, कारण प्रत्येकाची रजा, खिसा आणि घरची परिस्थिती वेगळी असते. कुठे काटछाट चालते आणि कुठे चालत नाही हे कळलं तर तुमचं गणित तुम्हाला मांडता येईल. बरीच वर्षं मी उमेदवारांची तयारी करून घेते आहे आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीतही बसते, त्यामुळे दोन्हीकडून दिसलेलं सांगते.

लेखी परीक्षेत डोकं जड असलं तरी सावरायला वेळ मिळतो. एखादा प्रश्न सोडून पुढे जाता येतं, परत येता येतं, दोन मिनिटं डोळे मिटून बसलं तरी कुणी विचारत नाही. तोंडी परीक्षेत ती सोय नाही. एमआरसीपी या ब्रिटिश वैद्यकीय परीक्षेतल्या पेसेस या क्लिनिकल भागाचं उदाहरण घ्या: पाच स्टेशनं म्हणजे टप्पे, प्रत्येकी २० मिनिटं, मध्ये पाच-पाच मिनिटांची विश्रांती. म्हणजे अवघ्या दोनेक तासांत सगळा निकाल लागतो, आणि प्रत्येक स्टेशनवर दोन परीक्षक समोर असतात. वर्षानुवर्षांचा अभ्यास त्या वेळात तोंडातून, स्पष्ट आणि क्रमाने बाहेर पडला पाहिजे. प्रवास आणि मुक्कामाने तेवढंच सांभाळायचं आहे: तुमची झोप, तुमचा आवाज आणि डोक्यातली शांतता. मी उमेदवारांना एकच कसोटी देते. आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर तुम्हाला एकही निर्णय घ्यावा लागता कामा नये. काय खायचं, कशाने जायचं, कुठल्या गेटने आत शिरायचं, कुठला शर्ट घालायचा, सगळं तोवर ठरलेलं हवं. पैसे खर्च करायचे तर असे निर्णय कमी करण्यावर करा. हॉटेलच्या चकचकीतपणावर केलेला खर्च वाया जातो.

बुकिंगपासून सुरुवात करू. या परीक्षांची गंमत अशी की तारखांचा पट्टा आधी कळतो आणि तुमची नेमकी तारीख, केंद्र आणि वेळ मागाहून येते. तोवर थांबलात तर केंद्राजवळच्या खोल्या गेलेल्या असतात, कारण बाकीचे उमेदवारही तेच शोधत असतात. म्हणून केंद्राचं शहर कळताच रद्द करता येणारी खोली धरून ठेवा, भले पट्ट्यातले तीन-चार दिवस धरावे लागोत. रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये गजर लावून नोंदवा. हा गजर न लावणारे भुर्दंड भरतात. तिकीटही तारीख बदलता येणारं घ्या. स्वस्त तिकीट बदलता आलं नाही तर नवं काढावं लागतं आणि एकूण हिशेब महागातच जातो. दुसऱ्या देशात जायचं असेल तर व्हिसाचं काम तारखेची वाट न बघता सुरू करता येतं का ते परीक्षा मंडळाला पत्र लिहून विचारा. केंद्राचं पत्र लागलं तर मिळायला वेळ जातो. आणि एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट: पासपोर्ट किंवा ओळखपत्र, तिकीट आणि प्रवेशपत्र या तिन्हींवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते आजच बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी तर दोनदा बघा. केंद्राच्या दारात नावाचा घोळ निघाला तर तिथला माणूस तुमचं ज्ञान मोजायला बसलेला नसतो.

प्रवासाची वेळ ठरवताना माझा नियम साधा आहे. ज्या गाडीने किंवा विमानाने जाणार ती रद्द झाली आणि तिच्या मागच्याने जावं लागलं, तरी तुम्ही परीक्षेआधीच्या संध्याकाळी उजेडात पोचला पाहिजेत. शेवटचं विमान, शेवटची गाडी कधीच धरू नका. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही आणि भरपाईही देत नाही. रात्री प्रवास आणि सकाळी परीक्षा हा बेत कागदावर एक दिवस वाचवतो, पण बसल्या बसल्या घेतलेल्या डुलक्यांना झोप म्हणायचं नसतं हे आपण पेशंटना सांगतो आणि स्वतः विसरतो.

ड्यूटीबद्दल स्पष्ट बोलते. रात्रपाळी संपवून थेट प्रवासाला निघू नका आणि स्वतः गाडी चालवत तर अजिबात जाऊ नका. युनिटमध्ये दोन महिने आधी अदलाबदल मागा. त्या वेळी मागणं सोपं असतं, आदल्या आठवड्यात मागितलं की सगळ्यांचे चेहरे बदलतात. ज्यांचे वरिष्ठ अडून बसतात त्यांनी रजेचा अर्ज प्रवेशपत्र जोडून लेखी द्यावा. तोंडी शब्दावर विसंबून तिकीट काढू नये.

विमानात केबिनचा दाब साधारण आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीइतका विरळ असतो आणि हवेतली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खालीच असते. चार-पाच तासांनी घसा कोरडा पडतो आणि आवाज घोगरा होतो तो यामुळे. घोट घोट पाणी पीत राहा आणि मद्य टाळा. सर्दी असेल तर विमान उतरायला लागण्याच्या अर्धा तास आधी नाकात झायलोमेटाझोलिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) घाला. कान बंद असताना हृदयाची हलकी मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकायची वेळ येऊ नये. प्रवासात मळमळ होणाऱ्यांनी झोप आणणाऱ्या जुन्या अँटीहिस्टामिन गोळ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी घेऊ नयेत. दोन दिवस आधी पोचण्याचा हा आणखी एक फायदा, गोळीची गुंगी उतरायला वेळ मिळतो.

सामान दोन भागांत. परीक्षेला जे लागतं ते सगळं हातातल्या बॅगेत: मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या छापील प्रती, स्टेथोस्कोप, परीक्षेचे कपडे, बूट, नेहमीची औषधं, चष्मा आणि दुसरा चष्मा. बाकीचं हरवलं तरी चालेल असं. हॅमर, म्हणजे गुडघ्यावर वगैरे ठोकून प्रतिक्षिप्त क्रिया तपासायची हातोडी, लांब दांड्याचा असेल तर सुरक्षा तपासणीत अडवला जाऊ शकतो, म्हणून एक तर घडीचा घ्या किंवा केंद्रावर साधनं देतात का हे आधी विचारा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७ हजार एमएएचपर्यंतची असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. कपड्यांबद्दल एवढंच सांगते की पहिल्यांदा त्या दिवशी घालू नका. बूट नवे असतील तर आधी वॉर्डात आठवडाभर वापरा. यूकेतल्या रुग्णालयांत कोपराखाली काही घालायचं नाही हा संसर्ग टाळण्याचा नियम आहे. तिथे बाही सहज वर जाईल असा शर्ट हवा आणि मनगटावरचं घड्याळ काढावं लागतं. ज्यांना घड्याळाकडे बघून केस आवरायची सवय आहे त्यांनी आधीपासून भिंतीवरच्या घड्याळावर सराव करावा, नाहीतर त्या दिवशी हात सारखा रिकाम्या मनगटाकडे जातो.

पुस्तकं किती न्यायची हा प्रश्न मला नेहमी विचारतात. एक वही. फार तर तुमच्या स्वतःच्या अक्षरातली दोन. जे पुस्तक तुम्ही सहा महिन्यांत उघडलं नाही ते हॉटेलच्या खोलीत उघडलंत तर त्यातलं न वाचलेलं पान नेमकं समोर येतं आणि रात्र जाते.

आता दोन रात्रींचं कारण. नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते हे झोपेच्या प्रयोगशाळांना फार पूर्वीपासून माहीत आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा गोलार्ध उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि अनोळखी आवाजाला जास्त पटकन प्रतिसाद देतो. पुढच्या वेळी त्याच जागी झोपल्यावर हा फरक ओसरला होता. म्हणून ती उथळ झोपेची रात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी येऊ देऊ नका, तिच्याही आधी उरकून घ्या. दोन रात्री परवडत नसतील आणि प्रवास तीन-चार तासांचाच असेल, तर आदल्या दिवशी सकाळी निघून दुपारपर्यंत पोचा. घरची उशी किंवा निदान घरचा अभ्रा सोबत न्या. ऐकायला बालिश वाटतं, पण ओळखीचा वास आणि स्पर्श कामाला येतो असं मला तरी दिसलं आहे.

देश बदलणार असेल तर घड्याळाचाही विचार करा. ढोबळ मानाने दर एका तासाच्या फरकाला शरीराला एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे जाणं पश्चिमेकडे जाण्यापेक्षा जड जातं, कारण आपलं शरीराचं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं. ते लवकर ओढण्यापेक्षा पुढे ढकलणं त्याला सोपं वाटतं. पाच तासांच्या फरकाला पाच दिवस आधी जाणं सगळ्यांना जमत नाही. तेव्हा निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून झोपायची वेळ रोज थोडी थोडी सरकवा, आणि पोचल्यावर तिथल्या सकाळच्या उन्हात फिरा. पूर्वेकडे फार मोठा फरक असेल तर पहिल्या दिवशी अगदी पहाटेचं ऊन टाळा, कारण शरीराच्या हिशेबाने ती अजून मध्यरात्र असते आणि तेव्हाचा उजेड घड्याळ उलट दिशेने ढकलतो.

हॉटेलकडे वळू. केंद्रापासूनचं अंतर ही पहिली अट, कारण पाच-दहा मिनिटं चालायचं असेल तर टॅक्सी, पाऊस, मोर्चा, बंद रस्ता, काहीही आडवं येत नाही. अंतर सुटलं की मग शांतता. वेबसाइटवरच्या फोटोंवरून शांतता कळत नाही, त्यासाठी फोन करावा लागतो. मी उमेदवारांना सांगते, रिसेप्शनला दुपारच्या निवांत वेळी फोन करा आणि साधारण असं बोला:

“अमुक तारखेला माझं बुकिंग आहे. त्या रात्री तुमच्या हॉलमध्ये काही कार्यक्रम आहे का?”

“हो, एक रिसेप्शन आहे, पण अकराला संपतं.”

“मग मला हॉलच्या वरची खोली नको. रस्त्याकडची नको, लिफ्टजवळची नको, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली नको. डॉक्टर आहे, दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे.”

शेवटचं वाक्य मुद्दाम सांगायचं. रिसेप्शनवरची माणसं परीक्षा म्हटलं की मनापासून मदत करतात. फोनवर बोललेलं लगेच ईमेलवर लिहून पाठवा, कारण त्या दिवशी काउंटरवर दुसराच कुणी असतो. आणि नाश्ता किती वाजता सुरू होतो ते विचारा. सात वाजता सुरू होणारा नाश्ता साडेसातच्या रिपोर्टिंगला निरुपयोगी आहे. आदल्या रात्री डबा बांधून देतात का ते बघा, नाहीतर स्वतःजवळ पोटाला सवय असलेलं काही ठेवा.

खोलीत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत या गोष्टी तपासा, म्हणजे बदलायची झाली तर वेळ असतो: गरम पाणी येतं का, पडदे नीट बंद होतात का, एसीचा आवाज किती, दाराची कडी लागते का, इस्त्री मिळते का. टीव्हीचा लाल दिवा किंवा स्मोक डिटेक्टरची उघडझाप डोळ्यांवर येत असेल तर टीव्हीवर टॉवेल टाका आणि पलंगाची दुसरी बाजू घ्या. डिटेक्टर मात्र झाकायचा नाही. एसी रात्रभर चालला की घसा सुकतो. झोपायच्या आधी खोली गार करून घ्या आणि मग तापमान वाढवा, बाथरूममध्ये ओला टॉवेल पसरून दार उघडं ठेवा. सकाळसाठी फोनचा गजर, दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राचा गजर आणि रिसेप्शनचा फोन अशी तिहेरी व्यवस्था हवी. गजर चुकेल म्हणून नाही, गजर चुकेल या धास्तीने पहाटे तीनला जाग येऊ नये म्हणून.

सगळे उमेदवार उतरतात त्या हॉटेलात उतरावं का? माझं मत नको असं आहे. जवळ असेल आणि दुसरा पर्याय नसेल तर ठीक, पण रात्री लॉबीत जे चालतं त्यातून काहीच हाती लागत नाही. “काल कुठली केस होती माहितीये का?” हे वाक्य ऐकलं की समजायचं, खोलीत जायची वेळ झाली. कालच्या केसवर रात्री अकरा वाजता वाचन सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी ती केस येत नाही. तोच नियम मोबाइलवरच्या ग्रुपला. आदल्या दिवशी दुपारपासून ग्रुप म्यूट.

कधी कधी परीक्षकही त्याच हॉटेलात असतात. अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजीची जुनी तोंडी परीक्षा कित्येक वर्षं लुइव्हिलमधल्या एका हॉटेलातच व्हायची आणि उमेदवार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत परीक्षकांकडे जायचे. आज तशी वेळ बहुतेकांवर येत नाही, पण नाश्त्याच्या टेबलाजवळ किंवा लिफ्टमध्ये गाठ पडू शकते. मान डोलावून नमस्कार करा आणि पुढे जा. ओळख काढू नका, सरांचे विद्यार्थी असल्याचं सांगू नका, परीक्षा कशी असते विचारू नका. आम्हाला त्याने अवघडल्यासारखं होतं आणि तुमची केस आमच्याकडे आली तर आम्हाला ती गोष्ट जाहीर करावी लागते.

आता मावशी. माया खरी असते आणि म्हणूनच अडचण होते. तुम्ही आलात म्हणून घरात सगळे जागतात, तुमच्या आवडीचं करतात, रात्री दहाला तुमच्या लग्नाचा विषय निघतो, आणि तुम्हाला मध्येच उठून खोलीत जाता येत नाही. शिवाय दुसऱ्या टोकाहून सकाळच्या गर्दीत केंद्रावर यायचं. कारण सांगताना परीक्षा मंडळाने जवळ राहायला सांगितलं आहे असलं खोटं बोलायची गरज नाही. “परीक्षा झाली की दोन दिवस तुझ्याकडेच येते” एवढं म्हटलं तर कुणी रागावत नाही. पैशांची फारच ओढाताण असेल आणि नातेवाईकाचं घर केंद्राजवळ असेल तर जा, पण जेवणाची आणि झोपेची वेळ पोचायच्या आधी फोनवर सांगून टाका. काही रुग्णालयांचं स्वतःचं गेस्ट हाऊस किंवा हॉस्टेल असतं, तिथल्या खोल्या परीक्षार्थींना मिळतात का हे विभागाच्या कार्यालयात विचारायला हरकत नाही.

सोबतीबद्दल दोन टोकाची माणसं बघितली आहेत. काहींना एकटं राहिलं की भीती वाढते, काहींना आईने तिसऱ्यांदा “झोप आली का?” विचारलं की झोप उडते. तुम्ही कुठले ते तुम्हालाच माहीत. नेणार असाल तर त्या माणसाला काम द्या: टॅक्सी, सामान, खोली सोडणं, घरच्यांचे फोन घेणं. अंगावर पिणारं बाळ असेल तर सोबत माणूस लागणारच. दूध काढायला जागा आणि वेळ हवा हे परीक्षा मंडळाला अर्ज भरतानाच लेखी कळवा, केंद्रावर ऐन वेळी सांगून व्यवस्था होत नाही. बाळ आणि आजी वेगळ्या खोलीत, आदल्या रात्रीचं फीड आधी काढून ठेवलेलं. गरोदर उमेदवारांनी विमान कंपनीचा नियम आधी वाचावा. एकच गर्भ असेल आणि गुंतागुंत नसेल तर बऱ्याच कंपन्या ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, मात्र २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात.

मोकळ्या दिवशी एक काम नक्की करायचं: केंद्राची रंगीत तालीम. शक्यतो परीक्षेच्याच वेळी, सकाळी, हॉटेलातून निघा आणि थेट विभागाच्या दारापर्यंत जा. मोठ्या रुग्णालयात नकाशा तुम्हाला इमर्जन्सीच्या गेटवर आणून सोडतो आणि परीक्षा जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर असते. लिफ्ट कुठली चालते, जिना कुठे, स्वच्छतागृह कुठे, बाहेर बसायला जागा आहे का, एवढं बघा आणि परत या. वॉर्डात शिरू नका. केससाठी आणलेले पेशंट शोधणं, नर्सला विचारणं, फाइल चाळणं हा गैरप्रकार आहे आणि त्यासाठी उमेदवारी रद्द होऊ शकते.

संध्याकाळी अर्धा तास मित्राशी फोनवर एक केस मोठ्याने मांडा आणि मग थांबा. कॉफी दुपारनंतर नको. कॅफिनचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सरासरी पाच तासांचा असतो आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत तो जवळजवळ दुप्पट होतो, हे फार्माकोलॉजीत वाचलेलं स्वतःला लावायची हीच वेळ. झोपेची गोळी नवीन म्हणून त्या रात्री घेऊ नका. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळीही उरतो हे दिसल्यावर अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०१३ मध्ये स्त्रियांसाठी साध्या गोळीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला. हात थरथरतात म्हणून प्रोप्रानोलॉल (धडधड आणि थरथर कमी करणारं औषध) घेणारे पुष्कळ आहेत. घ्यायचंच असेल तर महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून, एखाद्या सराव परीक्षेत घेऊन बघा. दमा असेल तर विषय संपला, हे औषध घ्यायचंच नाही. आणि झोप नाहीच लागली तर अंधारात पडून राहा. एका वाईट रात्रीने कुणी नापास होत नाही, पण पहाटे चारला वही उघडल्याने मात्र डोकं थकतं.

सकाळची एक गोष्ट फार कमी जण सांगतात. उमेदवार एकटा हॉटेलात उतरतो, संध्याकाळी सात-आठ वाजल्यापासून कुणाशी बोलत नाही, सकाळी मुकाट्याने तयार होऊन केंद्रावर येतो, आणि त्या दिवशीचं त्याच्या तोंडचं पहिलं पूर्ण वाक्य परीक्षकासमोर निघतं. टेबलाच्या अलीकडून ते लगेच कळतं. तो बसतो, ओठांवरून जीभ फिरवतो, “पेशंट इज अ...” म्हणतो, आवाज फाटतो, खाकरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि तेवढ्यात स्वतःच घाबरतो. केस त्याला येत असते. म्हणून आंघोळीनंतर पंधरा मिनिटं खोलीत फेऱ्या मारत मोठ्याने बोला: एक हिस्ट्री (पेशंटची हकिकत), एक समरी (केसचा सारांश), एक डिफरन्शियल (संभाव्य आजारांची यादी). परीक्षा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. वाटेत दरवानाशी, चहावाल्याशी, कुणाशीही दोन वाक्यं बोला. केंद्रावर सोबतच्या उमेदवाराला हवापाण्याचं विचारा, अभ्यासाचं नको.

दुपारची पाळी असेल तर निराळा घोटाळा असतो. खोली अकरा-बाराला सोडायची आणि रिपोर्टिंग दीड वाजता. मधले दोन तास सूटकेस घेऊन लॉबीत काढणाऱ्यांचा चेहरा परीक्षेआधीच उतरलेला असतो. त्या रात्रीचंही भाडं भरून खोली ठेवून द्या, किंवा उशिरा सोडण्याची सोय आधी लिहून मागून घ्या. सकाळच्या उमेदवारांकडून दुपारच्यांना केस कळू नये म्हणून काही ठिकाणी उमेदवारांना एका खोलीत बसवून ठेवतात आणि फोन काढून घेतात. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर चार तास फोन लागला नाही म्हणून ते हॉटेलला फोन करत सुटतात. पाणी, खाणं आणि एक स्वेटर जवळ ठेवा, त्या खोल्या हमखास थंडगार असतात.

वाटेत खरंच अडकलात, विमान रद्द झालं, रस्ता तुंबला, तर केंद्राला आणि मंडळाला त्याच क्षणी कळवा. दोन्हींचे नंबर कागदावर लिहून पाकिटात असू द्या, कारण अशा वेळी फोनची बॅटरीही संपलेली असते. विमान कंपनीकडून रद्द झाल्याचा लेखी पुरावा मागून घ्या. पुढची तारीख देतील की नाही हे त्या त्या मंडळाच्या नियमावर आहे, पण नंतर सांगणाऱ्यापेक्षा आधी कळवणाऱ्याचं ऐकून घेतलं जातं.

कोविडनंतर काही मंडळांनी तोंडी परीक्षा ऑनलाइन घेतल्या. तुमची तशी असेल आणि घरी शांतता नाही म्हणून हॉटेलचा विचार करत असाल तर सावध राहा. हॉटेलचं वायफाय रात्री नऊला छान चालतं आणि सकाळी आठला सगळे पाहुणे जागे झाले की अडखळतं. त्यापेक्षा कॉलेजातली एखादी बंद केबिन आणि केबलने जोडलेलं इंटरनेट कधीही बरं.

परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढायचा मोह सगळ्यांना होतो. एखादी केस लांबते, एखादा पेशंट आजारी पडून बदलावा लागतो, आणि शेवटच्या स्टेशनवर उमेदवार मनातल्या मनात विमानतळाचं अंतर मोजत बसतो. घाईने दिलेलं उत्तर आम्हाला दिसतं. दुसऱ्या दिवशीचं तिकीट घ्या. त्याच दिवशी निघणं भागच असेल तर परीक्षेच्या अपेक्षित शेवटानंतर किमान पाच-सहा तास मोकळे ठेवा आणि तारीख बदलता येणारं तिकीट घ्या.